पंडित बनारसीदास : प्रौढ वयात फुललेली काव्यसाधना

जैन वाङ्मयाचा भव्य प्रासाद मुख्यतः आचार्यांनी आणि मुनिवर्यांनी उभारला, हे सर्वश्रुत आहे. आचार्य कुंदकुंद, समंतभद्र, हरिभद्र, अमृतचंद्र, हेमचंद्र ही नावे उच्चारताच मस्तक आपोआप नमते. तथापि या प्रासादाचे काही चिरे गृहस्थ श्रावकांनीही बसविले आहेत. ज्यांच्या मागे दुकान होते, देणेकरी होते, घरी आजारपण होते आणि डोक्यावर संसाराचा भार होता, अशा श्रावकांनी रचलेले ग्रंथ आजही स्वाध्यायात वाचले जातात. या श्रावककवींमध्ये आग्र्याचे पंडित बनारसीदास यांचे स्थान फार वरचे आहे.

कलेची आवड ही तारुण्यातील गोष्ट असून संसाराचे जू मानेवर आले की ती आवड मागे पडते, आणि एकदा मागे पडलेली आवड पुन्हा उगवत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. व्यापारी घरांत तर हा समज अधिकच दृढ असतो. बनारसीदासांचे चरित्र या समजुतीला छेद देणारे आहे. ऐन तारुण्यात त्यांनी आपली पहिली काव्यकृती स्वतःच्या हाताने नदीत बुडविली. त्यानंतरची कित्येक वर्षे व्यापारातील तोट्यात, प्रवासात आणि आप्तांच्या वियोगात गेली. असे असूनही त्यांची सर्वश्रेष्ठ रचना वयाच्या पन्नासाव्या वर्षी जन्माला आली आणि पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी स्वतःचे चरित्र लिहिले. विझलेली वाटणारी ही ज्योत पुन्हा कशी पेटली, हे पाहणे प्रत्येक गृहस्थाला उपयोगी ठरेल.

कुळ आणि बालपण

बनारसीदासांचा जन्म विक्रम संवत १६४३ मध्ये, म्हणजे इ.स. १५८६ च्या सुमारास, गोमती नदीकाठच्या जौनपूर नगरात श्रीमाळ कुळात झाला. आजोबा मूलदास हे माळव्यातील नरवर येथे एका मोगल उमरावाचे मोदी होते. त्यांचे निधन होताच उमरावाने त्यांची सर्व मालमत्ता जप्त केली आणि त्यांची विधवा पत्नी लहानग्या खरगसेनला घेऊन जौनपूरला माहेरी आली. हेच खरगसेन पुढे बंगालमध्ये वसुलीच्या कामावर राहिले, आग्र्यात भागीदारीत व्यापार करते झाले आणि अखेर जौनपूरला जवाहिऱ्याचा धंदा करून स्थिरावले. शून्यातून उभे राहणे म्हणजे काय, हे या घराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते.

मुलाचे मूळ नाव विक्रमाजित ठेवले होते. तो काही महिन्यांचा असताना कुटुंब भगवान पार्श्वनाथांच्या दर्शनासाठी बनारसला गेले. तेथील पुजाऱ्याच्या सांगण्यावरून प्रभूंच्या जन्मनगरीचे नाव मुलाला देण्यात आले आणि विक्रमाजितचा बनारसीदास झाला. आठव्या वर्षी त्याला पाठशाळेत घातले. अकराव्या वर्षी खैराबादच्या एका मुलीशी त्याचा विवाह झाला. नववधू घरात आली त्याच दिवशी घरात एक कन्या जन्मली आणि एका वृद्धेचे निधनही झाले. सुखदुःखाची अशी एकत्र भेट पुढे त्यांच्या आयुष्यात वारंवार होणार होती.

इ.स. १५९८ च्या सुमारास जौनपूरचा सुभेदार कुलीच खान याने नगरातील जवाहिऱ्यांना पकडून कैदेत टाकले आणि फटके मारविले. सुटका होताच सर्व जवाहीर कुटुंबकबिल्यासह गाव सोडून पळाले. खरगसेनांनाही काही काळ परगावी आश्रय घ्यावा लागला. या धामधुमीत बाल बनारसीने कवड्यांची लहानशी खरेदीविक्री करून आपल्या व्यापाराचा श्रीगणेशा केला.

विद्येची गोडी आणि पहिली रचना

कुटुंब जौनपूरला परतल्यावर चौदा वर्षांच्या बनारसीने पंडित देवदत्त यांच्याकडे शब्दकोश, ज्योतिष, अलंकारशास्त्र इत्यादींचे अध्ययन केले. त्याच सुमारास खरतरगच्छाचे मुनी भानुचंद्र जौनपूरला आले. त्यांच्याजवळ बसून त्याने व्याकरण, छंदशास्त्र, सामायिक व प्रतिक्रमणाचे पाठ शिकून घेतले. या मुनिवर्यांविषयीची कृतज्ञता त्याने जन्मभर जपली.

परंतु तरुण मनाचा ओढा केवळ विद्येकडे नव्हता. प्रेमप्रकरणांचा नाद लागला. घरातील रत्ने व पैसे चोरून भेटवस्तू पाठविण्यापर्यंत मजल गेली. याच काळात त्याने सुमारे एक हजार दोहे-चौपायांची एक पोथी रचली. तिचे नाव नवरस असले तरी त्यात शृंगाराचाच भाग मोठा होता. मित्रमंडळीत तिचे वाचन होई, वाहवा मिळे. घरातील वडीलधाऱ्यांना मात्र चिंता वाटू लागली. फार विद्या शिकणे हे ब्राह्मणभाटांचे काम आहे, वाण्याच्या मुलाने दुकानावर बसावे, नाहीतर पोटाला मोताद व्हावे लागेल, असा उपदेश त्याला वारंवार होई. हा उपदेश आपल्या समाजातील घराघरांत पुढेही शतकानुशतके ऐकू येत राहिला.

पोथीचे विसर्जन

इ.स. १६०५ मध्ये बादशहा अकबराचे निधन झाले. ही वार्ता जौनपूरला पोचली तेव्हा बनारसी जिन्यावर बसला होता. बातमी कानी पडताच त्याला घेरी आली, तो खाली कोसळला आणि डोक्याला मोठी जखम झाली. नगरात हाहाकार माजला. लोकांनी दुकाने बंद केली, दागिने जमिनीत पुरले आणि अंगावर जाडीभरडी वस्त्रे चढविली, जेणेकरून धनिक व निर्धन यांतील फरक कळू नये. काही दिवसांनी जहांगीर गादीवर आल्याचे पत्र आग्र्याहून आले, तेव्हा कोठे जनजीवन पूर्ववत झाले.

या अपघाताने बनारसीदास अंतर्मुख झाले. धन सहज मिळावे म्हणून एका संन्याशाच्या सांगण्यावरून त्यांनी वर्षभर गुप्तपणे मंत्रजप केला होता, त्याचेही काही फळ दिसले नव्हते. मनात प्रश्नांची मालिका सुरू झाली. एके दिवशी ते मित्रांसह गोमतीच्या पुलावर बसून आपली पोथी वाचत होते. वाचता वाचता त्यांच्या मनात विचार आला की एक असत्य बोलणाराही दुर्गतीला जातो, मग न अनुभवलेल्या, न पाहिलेल्या गोष्टींचे हजार कल्पित छंद रचणाऱ्याची काय गत होईल? त्यांनी पोथी उचलली आणि नदीत फेकून दिली. मित्र हळहळले. सुटी पाने प्रवाहावर पसरून दूर गेली आणि ती परत मिळणे शक्य नव्हते. त्या दिवसापासून मुलाचे वर्तन सुधारले, तो नित्य देवदर्शन व व्रतनियम पाळू लागला, म्हणून खरगसेनांना अतिशय आनंद झाला.

येथे सूक्ष्म विचार केला पाहिजे. बनारसीदासांनी त्याग केला तो असत्याचा. परंतु त्याबरोबर काव्यशक्तीही गेली काय, हा प्रश्न त्या दिवशी अनुत्तरित राहिला. वय अवघे एकोणीस-वीस होते. पुढे संसार होता, वडिलांचा व्यापार होता आणि काव्याची वाट आता बंद झाली आहे असेच सर्वांना वाटले असावे.

व्यापारातील तोटा आणि रात्रीचे वाचन

इ.स. १६१० च्या सुमारास खरगसेनांनी मुलाच्या हाती स्वतंत्र व्यापार सोपविला. रत्ने, तूप, तेल आणि जौनपुरी कापड गाड्यांवर लादून बनारसीदास आग्र्याला निघाले. वाटेत इटाव्याजवळ मुसळधार पावसाने गाठले. सरायीत जागा नाही, गावात कोणी दार उघडीना. अखेर पहारेकऱ्याच्या झोपडीत आसरा मिळाला, तोही खाटेवर दुसराच मनुष्य आणि खाटेखाली गोणपाटावर हे प्रवासी, अशा अवस्थेत. आग्र्याच्या बाजाराची रीत त्यांना ठाऊक नव्हती. कापडात मुद्दलही सुटले नाही. कमरेच्या नाडीत बांधून ठेवलेली काही रत्ने सुटून कोठे पडली ते कळले नाही. घरचा माल विकून खाण्याची पाळी आली. एका कचोरीवाल्याने विश्वासाने उधार दिले, म्हणून कित्येक महिने पोटाची व्यवस्था झाली.

या सर्वस्वी अपयशाच्या काळात एक गोष्ट घडली, आणि चरित्राच्या दृष्टीने तिचे महत्त्व फार मोठे आहे. दिवसा बाजारात जाण्यासारखे काही उरले नव्हते. रात्री मात्र बनारसीदास आपल्या बिऱ्हाडी मधुमालती व मृगावती या त्या काळच्या लोकप्रिय काव्यकथा मोठ्याने वाचीत. दहा-वीस माणसे ऐकायला जमत. कचोरीवालाही त्यांत असे. स्वतः रचना करणे थांबले होते, तरी शब्दांचा नाद, छंदाची लय आणि श्रोत्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद यांच्याशी असलेले नाते त्यांनी तुटू दिले नाही. पेढीवर नवा माल भरण्याइतके भांडवल नसेल तेव्हा शहाणा व्यापारी निदान दुकान झाडून, दिवा लावून उघडे तरी ठेवतो. बनारसीदासांनी आपल्या कलेचे दुकान असे उघडे ठेवले.

कापड धुऊन होईपर्यंत

आग्र्याहून रिकाम्या हाताने निघालेले बनारसीदास खैराबादला सासरी आले. आपली खरी स्थिती सांगण्यास ते लाजत होते. पत्नीने ती ओळखली. तिने स्वतः साठविलेले वीस रुपये गुपचूप त्यांच्या हाती ठेवले आणि आपल्या आईलाही विश्वासात घेतले. सासूबाईंनी दोनशे रुपये देऊन जावयाला पुन्हा व्यापारासाठी उभे केले. या साध्वी स्त्रीचे नाव इतिहासाने नोंदविलेले नाही, परंतु बनारसीदासांच्या पुढील सर्व कर्तृत्वात तिचा वाटा आहे, हे विसरता येत नाही.

त्या रकमेतून कापड व मोती यांची खरेदी सुरू झाली. कापड धुऊन तयार होण्यास वेळ लागे. त्या मधल्या काळात बनारसीदासांनी लेखणी हाती घेतली. भगवान अजितनाथांच्या स्तुतीचे छंद रचले आणि नाममाला या शब्दकोशाच्या रचनेस हात घातला. इ.स. १६१३ मध्ये पूर्ण झालेला हा पावणेदोनशे दोह्यांचा ग्रंथ म्हणजे एका वस्तूला असलेली अनेक नावे छंदात गुंफून दिलेला कोश आहे. मित्र नरोत्तमदास व थानमल यांच्या आग्रहावरून तो सिद्ध झाला.

पोथी बुडविल्यानंतर सुमारे आठ वर्षांनी झालेले हे पुनरागमन कोणत्या रूपाने झाले, हे पाहण्यासारखे आहे. त्यांनी एकदम महाकाव्याला हात घातला नाही. शब्द गोळा करणे, ते नीट लावणे, विद्यार्थ्याला पाठ करता येतील असे बांधणे, हे काम विनयाचे आणि परिश्रमाचे आहे. त्यात कल्पनेची भरारी नाही, पण असत्यही नाही. ज्या दोषामुळे पहिली पोथी टाकली, तो दोष टाळूनही छंद रचता येतात, हे या कोशाने त्यांना दाखवून दिले. कुलीच खानाचा पुत्र चीनी कुलीच जौनपूरचा अधिकारी झाला तेव्हा त्याने बनारसीदासांकडून नाममाला व छंदशास्त्राचे पाठ घेतले. ज्याच्या पित्याने जवाहिऱ्यांना फटके मारविले, तोच अधिकारी जवाहिऱ्याच्या मुलापुढे विद्यार्थी म्हणून बसला.

आघातांची मालिका

व्यापार चालू होता, पण निर्विघ्न नव्हता. एका प्रवासात खोट्या नाण्यांच्या संशयावरून बनारसीदास व त्यांच्या सोबत्यांना पकडण्यात आले आणि मोठ्या कष्टाने सुटका झाली. आग्र्यातील एका धनाढ्य भागीदाराकडे हिशेबासाठी अनेक खेपा घालाव्या लागल्या. तो गाणेबजावणे व स्तुतिपाठकांच्या मैफलीत दंग असे, आणि हिशेब उद्यावर जाई. मध्यस्थ घालून तो व्यवहार एकदाचा मिटला.

याहून मोठे आघात घरातले होते. नरोत्तमदासांसारखा जिवलग मित्र गेला. वडील गेले. पहिली पत्नी गेल्याची आणि तिच्या धाकट्या बहिणीशी सोयरीक ठरल्याची वार्ता एकाच वेळी येऊन पोचली. आग्र्यात गाठीच्या रोगाची भयंकर साथ आली. उंदीर मरून पडू लागले, माणसे पटापट मरू लागली आणि लोक गाव सोडून पळाले. बनारसीदासांचे आयुष्यात तीन विवाह झाले. सात पुत्र व दोन कन्या अशी नऊ अपत्ये झाली आणि नऊही अपत्ये त्यांच्या डोळ्यांदेखत गेली.

या काळात रचना तुरळक झाली, तरी ती अगदी थांबली नाही. अहिच्छत्र व हस्तिनापूर यांची यात्रा घडली तेव्हा हस्तिनापुरात शांतिनाथ, कुंथुनाथ व अरनाथ या तीन तीर्थंकरांची स्तुती त्यांनी रचली. दुःखाच्या दिवसांत लहान स्तोत्र रचणे हाच त्यांचा आधार होता.

अर्धवट समजुतीचे वळण

इ.स. १६२३ मध्ये आग्र्यातील अध्यात्मप्रेमी श्रावक अरथमल ढोर यांनी बनारसीदासांना पांडे राजमल्ल यांची समयसारावरील बालबोध टीका वाचावयास दिली. आचार्य कुंदकुंदांचा समयसार, त्यावरील आचार्य अमृतचंद्रांचे कलश आणि त्या कलशांचा सोप्या भाषेतील अर्थ, असा हा ग्रंथ. बनारसीदास त्यात बुडून गेले. परंतु मार्गदर्शक जवळ नव्हता. आत्मा शुद्धच आहे असे निश्चयनय सांगतो, तर बाह्य क्रियांचे प्रयोजन काय, अशा विपरीत निष्कर्षाला ते पोचले. व्रतनियम सुटले. चंद्रभान, उदयकरण व थानमल या मित्रांसह बंद खोलीत वस्त्रे टाकून नाचणे आणि स्वतःस मुनी म्हणवून घेणे, असे पोरकट प्रकारही घडले. देवापुढील द्रव्यही खाल्ले गेले. लोकांत निंदा झाली. हे सारे त्यांनी पुढे स्वतःच्या चरित्रात कोठेही आडपडदा न ठेवता लिहून ठेवले आहे.

विशेष म्हणजे या बारा वर्षांच्या गोंधळातही लेखणी चालूच होती. ज्ञानपचीसी, ध्यानबत्तीसी, अध्यात्मगीत अशा अनेक लहान रचना याच काळातील आहेत. इ.स. १६३४ च्या सुमारास मित्र कुंवरपाल यांच्या सहकार्याने त्यांनी आचार्य सोमप्रभ यांच्या सिंदूरप्रकर या सुभाषितग्रंथाचा सूक्तिमुक्तावली या नावाने छंदोबद्ध अनुवाद केला. आचरण डळमळले होते, पण सरावात खंड नव्हता. त्यामुळे योग्य दृष्टी मिळाली तेव्हा हात तयार होता.

ती दृष्टी इ.स. १६३५ मध्ये मिळाली. विद्वान पांडे रूपचंद आग्र्याला आले. त्यांनी गोम्मटसारावर विवेचन केले आणि चौदा गुणस्थानांचा क्रम उलगडून दाखविला. जीव ज्या पायरीवर उभा आहे त्या पायरीला शोभेल अशीच क्रिया त्याला योग्य असते, निश्चय व व्यवहार हे परस्परांचे वैरी नसून एकाच सत्याच्या दोन बाजू आहेत, हा अनेकान्ताचा बोध बनारसीदासांना झाला. मनातील गाठ सुटली.

समयसार नाटक

गाठ सुटताच प्रवाह मोकळा झाला. अवघ्या वर्षभरात, संवत १६९३ च्या आश्विन महिन्यात, म्हणजे इ.स. १६३६ मध्ये, समयसार नाटक हा त्यांचा अमर ग्रंथ पूर्ण झाला. त्या वेळी त्यांचे वय पन्नास होते. आग्र्यात रूपचंद, चतुर्भुज, भगवतीदास, कुंवरपाल आणि धर्मदास हे पाच सहधर्मी नित्य एकत्र बसून अध्यात्मचर्चा करीत. त्यांच्या सहवासात व प्रेरणेने हा ग्रंथ सिद्ध झाला, असा आदरपूर्वक उल्लेख कवीने केला आहे.

या ग्रंथात ७२७ पद्ये आहेत. दोहे व सोरठे ३१०, एकतीस अक्षरी सवैये २४५, चौपाया ८६, तेवीसा सवैये ३७, छप्पय २०, कवित्त १८, अडिल्ल ७ आणि कुंडलिया ४, असा पद्यांचा चोख हिशेब कवीने ग्रंथाच्या शेवटी दिला आहे. व्यापाऱ्याची ही सवय काव्यातही सुटली नाही. आचार्य अमृतचंद्रांनी जीव, अजीव, आस्रव, बंध इत्यादी तत्त्वे रंगभूमीवर प्रवेश करणाऱ्या व निघून जाणाऱ्या पात्रांप्रमाणे मांडली आहेत, म्हणून या ग्रंथास नाटक म्हणतात. शेवटी चौदा गुणस्थानांचा अधिकार बनारसीदासांनी स्वतः जोडला. ज्या ज्ञानाने त्यांना सावरले, ते ज्ञान वाचकाला दिल्यावाचून ग्रंथ संपवू नये, असेच त्यांना वाटले असावे.

या ग्रंथातील एक स्थळ चरित्राच्या दृष्टीने फार अर्थपूर्ण आहे. त्यात बनारसीदासांनी नऊ रसांचे विवेचन केले असून प्रत्येक रस आत्म्याच्या ठिकाणी घटविला आहे. आत्म्याला ज्ञानगुणांनी भूषविण्याचा विचार हा शृंगार. कर्मनिर्जरेचा उद्यम हा वीर. सर्व जीवांना आपल्यासमान लेखणे ही करुणा. आत्मानुभवाचा उल्हास हे हास्य. अष्टकर्मांचे निर्दालन हा रौद्र. देहाच्या अशुचितेचे चिंतन हा बीभत्स. जन्ममरणाच्या दुःखाचे चिंतन हा भयानक. आत्म्याच्या अनंत शक्तीचे दर्शन हा अद्भुत. आणि दृढ वैराग्य हा शांत. एकोणिसाव्या वर्षी गोमतीच्या पाण्यात गेलेले नवरस पन्नासाव्या वर्षी असे परत आले. त्या दिवशी बुडाली ती केवळ पाने होती. रस जाणण्याची शक्ती कवीच्या अंतःकरणात तीस वर्षे शिल्लक होती. तिला योग्य विषय मिळताच ती शुद्ध स्वरूपात प्रकट झाली. अशा रीतीने त्याग आणि निर्मिती यांतील विरोध त्यांच्या बाबतीत मिटला.

अर्धकथानक

इ.स. १६३९ च्या सुमारास उरलेला अखेरचा पुत्रही गेला. पंडित म्हणून कीर्ती असलेल्या, देह व आत्मा यांचे भेदज्ञान छंदोबद्ध करणाऱ्या या कवीला त्या शोकातून सावरण्यास दोन वर्षे लागली. मोह किती बलवान असतो, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले आहे. त्यानंतर इ.स. १६४१ मध्ये आग्र्यात त्यांनी अर्धकथानक लिहिले. मनुष्याचे पूर्ण आयुष्य ११० वर्षांचे मानून त्यांतील ५५ वर्षांची हकीकत सांगितली, म्हणून हे नाव. मध्यदेशाच्या साध्या बोलीत लिहिलेल्या ६७५ पद्यांच्या या ग्रंथास हिंदीतील पहिले आत्मचरित्र मानले जाते.

या ग्रंथात थोरवीचा आव नाही. व्यापारातील तोटे, तारुण्यातील चुका, उधारी, रोग, मित्रांचे उपकार, धर्माच्या नावाखाली केलेला पोरकटपणा, सारे जसे घडले तसे जमाखर्चाच्या वहीसारखे नोंदविले आहे. शेवटी स्वतःचे गुण व दोष यांची वेगवेगळी यादी आहे. काव्यरचना, उत्तम पठण, क्षमा, संतोष हे गुण सांगितले आहेत, तर धनाचा लोभ, थट्टामस्करी, एकान्त मिळताच नाचू लागणे, अकस्मात भिणे हे दोषही सांगितले आहेत. कल्पित प्रेमकथांच्या असत्यापासून ज्या कवीने वाटचाल सुरू केली, त्याची लेखणी अखेर निखळ सत्यकथनापर्यंत येऊन पोचली. आलोचना व प्रतिक्रमणाची जैन परंपरा येथे साहित्यरूप झालेली दिसते.

यानंतर थोड्याच काळात बनारसीदासांचे देहावसान झाले. त्यांचे स्नेही जगजीवन यांनी इ.स. १६४४ मध्ये त्यांच्या विखुरलेल्या लहानमोठ्या रचना एकत्र करून बनारसीविलास हा संग्रह सिद्ध केला. त्यांच्या मतांवर उपाध्याय यशोविजयजी व मेघविजयजी यांसारख्या विद्वानांनी टीकाही केली, यावरून आग्र्याच्या या अध्यात्ममंडळाचा प्रभाव किती दूरवर होता हे कळते. श्रीमद् राजचंद्रांना समयसार नाटक अतिशय प्रिय होते आणि सोनगढच्या कानजीस्वामींनी त्यावर प्रवचने केली. महाराष्ट्राशी असलेला एक धागाही सांगण्यासारखा आहे. मुंबईतील हिंदी ग्रंथ रत्नाकर कार्यालयाचे पंडित नाथूराम प्रेमी यांनी इ.स. १९४३ मध्ये अर्धकथानक संपादित करून प्रकाशित केले आणि तीन शतकांपूर्वीचा हा श्रावक पुन्हा वाचकांच्या घरी आला.

चरित्राचा बोध

बनारसीदासांच्या जीवनाकडे समग्रपणे पाहिले असता काही गोष्टी स्पष्ट होतात. त्यांना निवांतपणा कधीच लाभला नाही. व्यापार सोडून काव्य करावे इतकी संपत्ती त्यांच्याजवळ कधी नव्हती. कापड धुऊन येईपर्यंतचा वेळ, उधारीच्या दिवसांतील रात्री, तीर्थयात्रेतील मुक्काम, हाच त्यांचा काव्याचा काळ होता. दुसरे असे की ते एकटे नव्हते. ऐकणारे शेजारी, आग्रह करणारे मित्र, हळूच वीस रुपये हाती ठेवणारी पत्नी, पुस्तक आणून देणारे श्रावक आणि वेळेवर भेटलेले विद्वान, या सर्वांच्या संगतीने त्यांची कला जगली. तिसरे असे की नवी निर्मिती सुचत नव्हती तेव्हा त्यांनी वाचन केले, कोश रचला, अनुवाद केला. लहान काम त्यांनी कधी कमी लेखले नाही. चौथी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, जे असत्य वाटले ते टाकण्याचे आणि जे सत्य समजले ते स्वीकारण्याचे धैर्य त्यांच्याजवळ प्रत्येक वयात होते.

आपल्या समाजात अशी कितीतरी माणसे आहेत, ज्यांनी कधीकाळी स्तवने रचली, ज्यांचा आवाज गोड होता, ज्यांच्या हातात रांगोळीची किंवा चित्राची कला होती. दुकान, लग्नकार्ये आणि आजारपणे यांत ती कला मागे राहिली. पर्युषणात पूजा म्हणताना, पाठशाळेतील मुलांना गोष्ट सांगताना तिची क्वचित चुणूक दिसते. कर्मसिद्धान्त सांगतो की ज्ञान हा आत्म्याचा स्वभाव आहे, आवरणाने तो झाकला जातो, नष्ट होत नाही. बनारसीदासांचे जीवन हा याच सिद्धान्ताचा गृहस्थाश्रमातील दाखला होय. मंदिरातील स्वाध्यायमंडळ, पाठशाळा आणि ग्रंथभांडार ही आपल्या समाजाची अशी स्थाने आहेत, जेथे दहा-वीस माणसे एकत्र बसून वाचू व ऐकू शकतात. आग्र्यात कचोरीवाल्यासह जमलेल्या त्या दहा-वीस श्रोत्यांमुळेच एका कवीचा दिवा विझता विझता राहिला. संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक घरातील असा मंदावलेला दिवा पुन्हा प्रज्वलित होवो, हीच जिनेश्वरचरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र!